भात-मिक्स

बांगलादेशात चाटगांवजवळ भाटियारीच्या रस्त्याला जुन्या जहाजांचं सामान विकणारी दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. किनाऱ्यावर जहाज तोडलं की त्याच्या पोटातलं सगळं इथे येतं. गाद्या, दिवे, कपबश्या, दारं, घंटा. माल सगळ्यांकडे तोच, तरी गिऱ्हाईक दिदारुल आलमच्या दुकानात जरा जास्त रेंगाळतं. कारण दिदारकडे साधी खुर्ची कधी नसतेच. असते ती कप्तानाची खुर्ची.

"हिच्यावर बसून कप्तानाने अख्खं वादळ काढलं," खुर्चीच्या पाठीवर हात मारत दिदार सांगतो. "उठला नाही. इथेच चहा, इथेच नमाज."

"मघाशी तर म्हणालात, कप्तान ग्रीक होता," गिऱ्हाईक म्हणतं.

"होताच. पण वादळात भाई, कोण कुणाला हाक मारील याचा नेम नाही."

गिऱ्हाईक हसतं आणि खुर्ची रिक्षावर चढवतं. त्या जहाजातून तसल्याच चाळीसेक खुर्च्या आलेल्या असतात, आणि सगळ्या कप्तानाच्याच निघतात. शेजारपाजारचे दुकानदार त्याला थापाड्या दिदार म्हणतात. त्याचं त्याला काही वाटत नाही. धंद्यातली थाप म्हणजे कालवणातलं मीठ, असं तो मानतो.

मात्र एक गोष्ट अशी होती, की जी त्याने आयुष्यभर कुठलंही मीठमसाला न लावता सांगितली. आणि नेमकी तीच कुणी खरी मानली नाही.

दिदार तरुण होता तेव्हा चाटगांवात 'चौदा नंबर' नावाचा बँड होता. कर्णफुली नदीच्या चौदा नंबर घाटावर चार पोरं भेटली, म्हणून ते नाव. त्यांच्या दोन कॅसेटी निघाल्या आणि तिसरी निघायच्या आत बँड फुटला. कोण दुबईला गेलं, कोण सासऱ्याच्या दुकानात बसलं. पण त्यांचे चाहते काही फुटले नाहीत. ते स्वतःला घाटवाले म्हणवतात. पूर्वी पत्रं लिहायचे, आता फोनवरच्या गटात भांडतात. चाटगांवचे घाटवाले दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की दिदारच्या दुकानात जमतात, कप्तानाच्या खुर्च्यांवर बसतात, चहात बेला बिस्किटं बुडवतात आणि दिदारने एका जहाजाच्या जेवणघरातून काढून आणलेल्या भल्यामोठ्या स्पीकरवर तीच वीस गाणी पुन्हा ऐकतात.

त्यातलं सगळ्यांत लाडकं 'शेष फेरी'. संध्याकाळची शेवटची बोट चुकलेल्या माणसाचं गाणं. ते दोनच तऱ्हांनी ऐकायला मिळतं, एक कॅसेटवर आणि एक कॉलेजच्या मैदानात कुणीतरी चोरून भरून घेतलेलं. दिदार म्हणायचा, तिसरी तऱ्हाही आहे.

"सुमंगलदाने केलेलं रिमिक्स. आमच्या माडीवर. मी तिथेच बसलो होतो."

सुमंगल बडुआ हा बँडचा कीबोर्डवाला. पाथरघाट्यात दिदारच्या घराच्या वरच्या खोलीत तो दोनेक वर्षं भाड्याने राहत होता, एवढं सगळ्यांना मान्य होतं. पुढचं मान्य नव्हतं.

"सुरुवातीला जहाजाचा भोंगा," दिदार सांगायचा. "आणि मग असा ठेका धरतो, की पाय गप्प राहत नाहीत. रडकं गाणं, पण नाचायला लावतं! आणि ते यंत्र... कॅसेट अशी पळायची त्याच्यात, की तासाभराची कॅसेट पाव तासात खलास. सुमंगलदा कपाळाला हात लावायचा."

"तासाची कॅसेट पाव तासात," खोरशेद म्हणायचा. खोरशेद त्याचा शाळेपासूनचा दोस्त, बँकेत कामाला. "आणि त्या यंत्रावर बसून कप्तानाने वादळ काढलं, ते राहिलंच सांगायचं."

सगळे हसायचे. दिदारही हसायचा, पण त्या हसण्यात तो नसायचा.

सुमंगल ऑस्ट्रेलियाला निघून गेला. बँडबद्दल विचारलं तर उत्तर देत नाही, अशी त्याची ख्याती. म्हणजे साक्षीदार म्हणावा असा उरला एकटा दिदार, आणि दिदारच्या साक्षीची किंमत भाटियारीत पोराटोरांनाही ठाऊक.

मग एके दिवशी ढाक्याच्या आरेफीनने गटात बातमी टाकली. आरेफीन म्हणजे घाटवाल्यांचा काझी. कुठली चीज अस्सल आणि कुठली नक्कल, हे तो ठरवणार आणि बाकीचे माना डोलावणार. राउजानला सुमंगलच्या बहिणीने जुनी ट्रंक उपसली, तीत एक कॅसेट निघाली, तिच्यावर सुमंगलच्या अक्षरात 'शेष फेरी, रिमिक्स' असं लिहिलेलं. तिच्या भाच्यामार्फत ती आरेफीनच्या हाती आली. शुक्रवारी तो ते गाणं गटात टाकून सगळ्यांना ऐकवणार होता.

त्या शुक्रवारी दिदारने दुकान झाडून घेतलं, दोनदा. बेला बिस्किटांचा आख्खा डबा आणला. नवा पंजाबी कुर्ता घातला.

"लग्न कुणाचं आहे?" खोरशेदने दारातूनच विचारलं.

"बस, आणि कान उघडे ठेव," दिदार म्हणाला. "तीस वर्षांचं उधार आज फेडून घेणार आहे तुझ्याकडून."

नुसाइबाने आपला लॅपटॉप स्पीकरला जोडला. गटातली ती सगळ्यांत लहान, इंजिनियरिंगला शिकणारी. बँड फुटला तेव्हा जन्मलीही नव्हती. वडिलांची कॅसेट ऐकून घाटवाली झाली होती.

गाणं सुरू झालं. आधी लांबलचक घुमणं, विहिरीत म्हैस रेकावी तसं. मग ढोल, एक ठोका, आणि दुसरा कधी येतो याची वाट पाहत बसावं असा. गाणाऱ्याचा आवाज जाडा, ओढत आलेला. मध्ये एका जागी सगळं थांबलं आणि कुणीतरी खोल, भरड गळ्याने काहीतरी पुटपुटलं. "ओऽऽऽ..." आणि पुढे न कळणारं. पुन्हा तो ढोल.

गाणं संपलं. मग खोरशेद म्हणाला, "काय चीज आहे! शहारा आला."

आरेफीनचा निरोप आलाच होता. 'हे काळाच्या पुढचं काम आहे. आज सगळीकडे गाणी अशी संथ करून ऐकायची टूम निघालीये. सुमंगल बडुआने ते तेव्हाच केलं होतं. आणि मधला तो आवाज म्हणजे उघडच भन्तेंचा मंत्र. सुमंगल बौद्ध घरातला. त्याने शेवटच्या फेरीला मृत्यूचा अर्थ दिलाय.'

नुसाइबाने मान वर केली. "दिदारभाई, तुम्ही म्हणाला होतात..."

खोरशेद कुठला सोडतोय! "हां रे, पाय गप्प राहत नाहीत म्हणाला होतास. यावर नाचायचास तू? कुणाच्या मयतीला?"

हशा असा उठला, की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. दिदारने बेलाचा डबा पुढे केला. "घ्या, घ्या. नरम पडतील," एवढंच म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने एक खुर्ची नुसती खुर्ची म्हणून विकली. गिऱ्हाईकाने कप्तानाबद्दल विचारलंसुद्धा, दिदार म्हणाला, "माहीत नाही हो. खुर्ची आहे. बसता येतं."

लोक हसले याचं दुःख नव्हतं, ते तो रोजच पचवत होता. पण आता तो स्वतःच स्वतःला विचारू लागला होता. भोंगा खरंच होता का? ठेका खरंच होता? की इतक्या वर्षांत सांगून सांगून आपणच तो रंगवला, खुर्च्यांसारखा? मग ती माडी, सुमंगलदाची बोटं, खिडकीतून येणारा नदीचा वारा, यातलं किती आपलं आणि किती थाप? माणसाकडे एक खरी गोष्ट असावी. तीही कुणी उचलून नेली तर तो उरतो कशाला?

गटात मंत्रावरून रण पेटलं होतं. एकाने पाली शब्द शोधून काढले. दुसरा म्हणे, ही आराकानी भाषा. तिसऱ्याने गाणं उलटं वाजवून पाहिलं आणि त्याला त्यात स्वतःच्या आजीचं नाव ऐकू आलं. शेवटी आरेफीनने मंत्राचा तो तुकडा कापून, आधी स्वतःचं भाष्य बोलून, फोनवरचा एक लांब निरोप पाठवला.

आरेफीनचं बोलणं म्हणजे मालगाडी. डबा गेला की डबा. म्हणून दिदारची एक सवय होती: त्याचे निरोप तो नेहमी दुप्पट वेगाने ऐकायचा. फोनमध्ये तशी सोय असते. आवाज बारीक होत नाही, नुसतं बोलणं पळतं. त्या सकाळीही दुकान उघडून, चहा हातात घेऊन त्याने निरोप लावला आणि बिस्किट बुडवलं. आरेफीन तुरुतुरु बोलत राहिला. मग तो तुकडा आला.

"ओडा, भात न हाबि-इ?"

बिस्किट चहात पडलं.

आवाज अजून जाडाच होता, पडसं झालेल्या पुरुषासारखा. पण चाल! चाटगांवच्या बोलीत याचा अर्थ एवढाच, की अरे पोरा, भात नाही खायचा का? ढाक्याच्या माणसाला तो मंत्रच वाटणार. पण शेवटचा तो 'बि' असा वर चढतो, मध्येच तुटतो आणि पुन्हा वर जातो, रहाटाची बादली दगडाला अडखळून वर यावी तसा. ती चाल दिदारने जन्मभर ऐकली होती. कालही ऐकली होती.

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा. मग खोरशेदला फोन केला.

"खोरशेद, तो मंत्र म्हणजे माझी आम्मा आहे."

"दिदार," खोरशेद जपून म्हणाला, "दुकान बंद कर, घरी जा, डोक्यावर पाणी ओत."

"भात खायला बोलावतेय मला! शुक्रवारी ये. नुसाइबालाही सांगतो."

शुक्रवारी नुसाइबाने तो निरोप साध्या वेगाने ऐकला, मग दुप्पट, आणि ओठ चावत बसली.

"दिदारभाई, तुमची ती थाप काय होती? तासाभराची कॅसेट पाव तासात?"

"थाप नव्हती ती."

"थाप नव्हतीच!" ती उठून उभी राहिली. "तसली यंत्रं असायची. त्यात फीत दुप्पट वेगाने पळते, आणि दोन बाजूंऐवजी एकाच अंगाने भरते. म्हणून पाव तास. आणि ती कॅसेट साध्या डेकवर घातली तर गाणं अर्ध्या वेगाने वाजणार! आरेफीनभाईंनी साध्या डेकवर वाजवलंय. आपण सगळे अर्ध्या वेगाचं गाणं ऐकून डोळे पुसतोय!"

तिने लॅपटॉपवर दोन-चार ठिकाणी बोटं चालवली. यावेळी नुसतं बोलणंच पळवलं नाही, तर फीत पळावी तसा सूरही वर नेला.

जहाजाच्या स्पीकरमधून भोंगा वाजला. विहिरीतली म्हैस नव्हे. जेटीवरून सुटणाऱ्या बोटीचा खणखणीत भोंगा. आणि मग ठेका आला. शेजारचा दुकानदार पुन्हा डोकावला, पण यावेळी गेला नाही. खोरशेदचा पाय त्याला न विचारता हलत होता. मध्येच गाणं थांबलं, आणि भाटियारीच्या रस्त्यावर एका बाईचा कडक, तरणाताठा आवाज घुमला, "ओडा, भात न हाबि-इ?" आणि पुन्हा ठेका, जणू तिच्या हाकेवरच उडी मारून.

खोरशेदने हलणारा पाय हाताने धरून ठेवला. "हे... हे तू म्हणायचास तसंच आहे."

दिदारने नुसता बेलाचा डबा पुढे केला.

नुसाइबाने ते तिथल्या तिथे आरेफीनला पाठवलं. उत्तर लगेच आलं. 'कुठलंही गाणं दुप्पट पळवलं की नाचता येतंच. खरा वेग हाच, हे कशावरून? त्या चापाबाज थापाड्याच्या शब्दावरून? आणि अशी हाक मारणाऱ्या आया चाटगांवात घरोघरी असतील.'

"हरामखोर आहे, पण मुद्दा बरोबर आहे," खोरशेद म्हणाला.

"मग आवाजावरूनच ठरवू," नुसाइबा म्हणाली. "गाण्याचा वेग माणूस हवा तसा ठरवील. आईची हाक कोण ठरवणार? दिदारभाई, आम्मा घरी आहेत ना?"

दुकानाला कुलूप लावून तिघं रिक्षाने पाथरघाट्याला आले. दिदारची आम्मा, सकिना खातून, ओसरीवर पान जमवत बसल्या होत्या. कान जरा गेले आहेत, बाकी सगळं शाबूत. नुसाइबाने लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला, आवाज मोठा केला. म्हातारीने भोंगा ऐकला, ठेका ऐकला, मान हलवली. मग ती हाक आली.

"कोण गं ही बाई?" सकिना खातूननी कपाळाला आठी घातली. "केवढ्याने ओरडते! पलीकडच्या हाजीच्या घरातली असणार. त्यांच्याकडे सगळ्यांचेच गळे मोठे."

दिदारचा चेहरा उतरला. "आम्मा, तू आहेस ती."

"मी? मी असं ओरडत नाही."

खोरशेदने खाली बघून खोकल्यासारखं केलं.

"खाला," नुसाइबा गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही दिदारभाईंना जेवायला कसं बोलावता, ते एकदा म्हणून दाखवा ना."

"समोर बसलेल्या माणसाला काय बोलावायचं?" म्हातारीने लेकाकडे बोट केलं. "इथेच तर बसलाय हा घोडा. लोक वेडी म्हणतील मला."

पुष्कळ विनवलं. म्हातारी ऐकेना. समोर असलेल्याला हाक मारायची नसते, तिच्या घरी तशी रीतच नव्हती. शेवटी दिदार उठला, अंगणातून जिना चढून माडीवर गेला. सुमंगलदाची खोली आता अडगळीची झाली आहे. जहाजातले न खपलेले दिवे, गाद्या. तो खिडकीखाली एका गादीवर टेकला. नदीचा वारा येत होता. हा तरी खरा होता.

खाली बराच वेळ काहीच नाही. मग भांड्यांचा आवाज. म्हातारी खरंच जेवण वाढत असावी. आणि मग, कुणी सांगितल्यामुळे नव्हे, तर बोंबिलाचं कालवण निवतंय आणि लेक वर जाऊन बसलाय म्हणून, हाक आली.

"ओडा! भात न हाबि-इ?"

आवाज चिरका झाला होता, पण बादली तिथेच अडखळली.

तीस वर्षांपूर्वी ती हाक आली तेव्हा दिदार उठला नव्हता. सुमंगलदाने 'थांब, चालू आहे' म्हणून बोटाने खूण केली होती. आज तो दोन-दोन पायऱ्या उतरत आला, अठ्ठेचाळीस वर्षांचा गडी.

ओसरीवर नुसाइबाने आत्ताची हाक भरून घेतली होती आणि दोन्ही हाका पडद्यावर एकाखाली एक मांडल्या होत्या. चढ तिथे चढ, तूट तिथे तूट. आजची हाक कणभर लांब, कारण म्हातारीचा दम कमी. अर्ध्या वेगाची हाक खाली ठेवली तर पडद्यावर मावतही नव्हती.

"हाजीच्या घरातली, काय?" खोरशेदने विचारलं.

सकिना खातूननी पुन्हा एकदा ऐकलं. मग पदर सावरला. "हं. मीच असेन. पण मग हा आला नव्हता, लिहून ठेव तेही. भात निवून दगड झाला होता."

खोरशेदने दिदारच्या खांद्यावर हात ठेवला. माफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "आजपासून तुला थापाड्या म्हणणार नाही," तो म्हणाला. "भात-दिदार म्हणेन."

"आणि गाण्याला भात-मिक्स," नुसाइबा म्हणाली, आणि त्याच नावाने तिने ते ढाक्याला पाठवून दिलं, दोन हाकांच्या चित्रासकट.

चौघं जेवायला बसले. बोंबील, मसूर, कोवळ्या भोपळ्याची भाजी. अर्धं जेवण झालं तेव्हा फोन थरथरला. आरेफीनचा निरोप, नेहमीसारखा लांबलचक. दिदारने डाव्या हाताने तो लावला. वेग वाढवायच्या खुणेवर त्याचा अंगठा आपसूक गेला होता, तो त्याने मागे घेतला.

"दिदारभाई... अस्सलाम आलेकुम," आरेफीन म्हणाला. मग मोठा श्वास. "मी... ऐकलं. तीनदा. मला वाटतं, मी आपली... म्हणजे सगळ्यांसमोर... माफी मागायला हवी..."

सकिना खातून भात कालवता कालवता थांबल्या. "कोण हा? बोलतोय की झोपेत आहे? जरा पळव की त्याला, त्या पोरीने गाणं पळवलं तसं."

"राहू दे, आम्मा," दिदारने आणखी एक बोंबील ताटात घेतला. "आज सावकाशच ऐकतो."